चेहऱ्याबरहुकूम

मार्च 1695. कृष्णाकाठी गलगले येथे मोगलांची छावणी पडली होती. जगप्रवासाला निघालेला जेमेल्ली कारेरी नावाचा नेपल्सचा वकील तिथे बादशहा औरंगजेबाच्या दरबारात गेला आणि जे दिसले ते त्याने लिहून ठेवले. अंगात साधी पांढरी मलमल, आधाराला काठी, पागोट्यात मोठा पाचू. वय शहात्तर. आणि हा म्हातारा माणूस लोकांचे अर्ज स्वतः वाचतो, त्यांवर स्वतःच्या हाताने शेरे मारतो, तेही चष्म्याशिवाय.

पाचूपेक्षा ही चष्म्याची नोंद जास्त बोलकी आहे. कारेरीला नवल वाटले ते चष्मा नसल्याचे. त्या वयाच्या लिहित्या-वाचत्या माणसाच्या नाकावर भिंगे असणारच, असे तो धरून चालला होता. मोगल चित्रांतही वृद्ध लेखनिक आणि चित्रकार नाकावर चष्मा ठेवून कागदावर वाकलेले दिसतात. तरुणपणी दख्खनचा सुभेदार म्हणून औरंगजेब दोनदा ज्या शहरात राहिला, ते आजचे छत्रपती संभाजीनगर. तिथून पंचवीसेक किलोमीटरवर खुलताबादला त्याची साधी कबर आहे. स्वतः टोप्या शिवून मिळवलेल्या पैशांतून तिचा खर्च भागवला, असे परंपरेने सांगतात. उतारवयातले शिवणकाम म्हणजे डोळ्यांची कसोटीच.

दख्खनेत चष्मा त्याच्या कितीतरी आधी पोहोचला होता. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात अनेक वर्षे अभिरक्षक असलेले परशुराम कृष्ण गोडे यांनी या विषयाचा चिकाटीने माग काढला. मीठ, दिवे, अत्तरे, फटाके अशा रोजच्या वस्तूंचा इतिहास जुन्या पोथ्यांतून शोधून काढणारा हा विद्वान चष्म्यावरही तितक्याच आस्थेने लिहून गेला. विजयनगरच्या कृष्णदेवरायाचे गुरू व्यासराय यांच्या ‘व्यासयोगिचरित’ या सोमनाथकृत संस्कृत चरित्रात, सुमारे 1520 च्या प्रसंगात, व्यासराय चष्मा लावून ग्रंथ वाचताना दिसतात. गोवा पोर्तुगीजांच्या हाती जाऊन तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती. चष्मा त्याच वाटेने आला असावा. इटलीत त्याचा जन्म तेराव्या शतकाच्या अखेरीस झाला, म्हणजे सव्वादोनशे वर्षांत तो दख्खनच्या मठात येऊन पोहोचला.

श्रीमंतीची हौसही चष्म्यात उतरली. 2021 मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहाने दोन मोगल चष्मे विक्रीला मांडले, तेव्हा ते जगभर गाजले. एकाची भिंगे हिऱ्याची, दुसऱ्याची पाचूची. सतराव्या शतकात कोणा अनामिक कारागिराने दोनशे कॅरेटहून मोठ्या हिऱ्यातून एक जोडी आणि तीनशे कॅरेटहून मोठ्या पाचूतून दुसरी जोडी काढली असावी, असे तज्ज्ञांचे अनुमान होते. त्यांभोवतीच्या फ्रेमी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बसवलेल्या. या भिंगांना नंबर नाही. त्यांतून अक्षर मोठे दिसत नाही. त्यांचा उपयोग नजर शांत करण्याचा किंवा नजर लागू न देण्याचा असावा. पण एवढा मोठा हिरा पातळ, सपाट आणि पारदर्शक चकतीत उतरवणारा हात या भूमीत होता, हे त्यांनी दाखवून दिले.

खऱ्याखुऱ्या नंबरचे, हाताने घासलेले चष्मे बनवणारी देशी परंपरा पाहायची तर तंजावरला जावे लागते. मराठी वाचकाला तंजावर परके नाही. व्यंकोजीराजांनी 1675 च्या सुमारास तिथे भोसल्यांची गादी बसवली आणि ती 1855 पर्यंत टिकली. त्या घराण्यातल्या दुसऱ्या सरफोजीराजांना (कारकीर्द 1798 ते 1832) वैद्यकाचा, विशेषतः नेत्रविद्येचा नाद होता. त्यांच्या धन्वंतरी महालात डोळ्यांच्या रुग्णांवर उपचार होत. रुग्णांच्या नोंदी आणि त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे सरस्वती महाल ग्रंथालयाने जपून ठेवली आहेत. राजाच्या राज्यकारभाराच्या कागदांबरोबर कोणा सामान्य माणसाच्या मोतीबिंदूचे चित्रही जतन व्हावे, ही फार मोलाची गोष्ट आहे.

तंजावरजवळच्या वल्लम गावी स्फटिकाचे खडे सापडतात. ते कापून, घासून चष्म्याची भिंगे करण्याचा धंदा तिथे मोठा होता, आणि वल्लमच्या दगडाचा चष्मा ब्रिटिश काळात नावाजलेला होता. हे काम दिसते तेवढे सोपे नाही. स्फटिकातून प्रकाश जाताना बहुतेक दिशांनी तो दुभंगतो आणि अक्षराला अंधूक जोडछाया येते. फक्त एका दिशेने, स्फटिकाच्या अक्षाच्या रोखाने पाहिले तर प्रकाश सरळ पार होतो. म्हणून खडा आधी नीट पारखायचा, अक्ष ओळखायचा आणि त्याला काटकोनात काप घ्यायचा. काप चुकला तर पुढची सगळी मेहनत वाया. त्यानंतर कुरुंदाच्या भुकटीने, आधी जाड मग बारीक, हव्या त्या गोलाईच्या साच्यावर तासन्‌तास घासणे आणि शेवटी पॉलिश.

या चष्म्याला गिऱ्हाईक होते, कारण स्फटिक काचेपेक्षा कठीण. धुळीने त्यावर सहजी चरे पडत नाहीत. शिवाय तो हाताला गार लागतो, म्हणून डोळ्यांनाही थंडावा देतो अशी समजूत होती आणि काही घरांत आजही आहे. गार लागण्याचे कारण इतकेच की स्फटिकातून उष्णता लवकर वाहते. डोळ्याला त्याचा औषधी फायदा नाही. उलट स्फटिक अतिनील किरण साध्या काचेपेक्षा जास्त आत सोडतो. कारागिरीचे कौतुक मनापासून करावे, पण त्यासाठी हा गैरसमज पोसायची गरज नाही.

आता मूळ प्रश्न. आज डोळ्यांचा नंबर यंत्र काढते, काच कारखान्यातून येते, फ्रेमी दुकानात हजारांनी टांगलेल्या असतात. मग एका माणसासाठी मुद्दाम बेतलेल्या चष्म्यात वेगळे असते तरी काय?

एक तर अंतर. पैठणला मागावर बसलेल्या साठीच्या विणकराची गोष्ट घ्या. पैठणीच्या पदरावरचा मोर किंवा मुनिया यंत्राच्या ठोक्याने उमटत नाही. प्रत्येक रंगाचा धागा हाताने ठरावीक ताण्यांमधून घालावा लागतो, ताणे मोजावे लागतात. चाळिशीनंतर डोळ्यातले भिंग ताठर होत जाते आणि साठीपर्यंत जवळचे स्पष्ट करण्याची त्याची ताकद जवळपास संपते. हा विणकर डोळ्यांच्या दुकानात गेला की त्याच्या हातात अक्षरांचे कार्ड देतात. कार्ड 40 सेंटिमीटरवर. 1 मीटरला 0.4 ने भागले की अडीच, म्हणून त्याला अडीचचा नंबर मिळतो आणि वर्तमानपत्र स्वच्छ दिसते. पण मागावर त्याचे डोळे आणि वीण यांच्यात साठेक सेंटिमीटर अंतर असेल तर त्याला हवा असतो सुमारे पावणेदोनचा नंबर. अडीचचा चष्मा लावून तो मागावर पुढे पुढे झुकत जातो आणि दिवसाअखेर मान धरते. त्याच वयाचा सराफ्यातला कारागीर खडा बसवताना वस्तू 25 सेंटिमीटरवर धरतो. त्याचा नंबर निघतो चारच्या आसपास. डोळे सारखेच अधू, वय एकच, धंदा वेगळा, म्हणून चष्मा वेगळा. जाणता चष्मेवाला म्हणूनच आधी विचारतो, काम काय करता, बसता कसे.

दुसरी गोष्ट म्हणजे भिंगाचे केंद्र. प्रत्येक नंबरच्या काचेला एक मध्यबिंदू असतो आणि तो बाहुलीच्या बरोबर समोर यायला हवा. दोन बाहुल्यांमधले अंतर, ज्याला दुकानात पीडी म्हणतात, प्रौढ माणसात सर्वसाधारणपणे 54 ते 74 मिलिमीटर असते. शिवाय नाक अगदी मधोमध असेलच असे नाही, त्यामुळे उजवीकडचे अर्धे माप आणि डावीकडचे अर्धे माप यांत एक-दोन मिलिमीटरचा फरक निघतो. केंद्र चुकले तर काय होते, याचा हिशेब प्रेंटिस या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो. उणे सहाचा नंबर असलेल्या माणसाच्या काचेचे केंद्र 5 मिलिमीटर सरकले, तर 3 प्रिझम इतका दोष येतो. म्हणजे एक मीटरवरची वस्तू तीन सेंटिमीटर बाजूला दिसू लागते. दोन्ही डोळे ते ओढून जुळवत राहतात. मग डोके दुखते, आणि माणूस म्हणतो नंबरच चुकला. नंबर बरोबर असतो, काच वाकडी बसलेली असते.

तिसरे, चष्मा डोळ्यांपासून किती लांब बसतो ते. हे माप साधारण 12 ते 14 मिलिमीटर ठेवतात. उणे दहाचा चष्मा नाकावरून घसरून आणखी 5 मिलिमीटर पुढे आला, तर डोळ्यापर्यंत त्याचा नंबर पोहोचतो सुमारे साडेनऊ. म्हणजे नाकाचा पूल बरोबर नसेल तर पूर्ण पैसे देऊन घेतलेला अर्धा नंबर घामाबरोबर निसटतो. शिवाय काच किंचित खाली कललेली हवी, 8 ते 12 अंशांनी, कारण वाचताना नजर खाली जाते.

यांतली बरीचशी मापे यंत्राच्या कागदावर येत नाहीत. ती चेहऱ्यावरून घ्यावी लागतात, समोर बसून, डोळ्याला डोळा भिडवून.

तयार फ्रेमवरही मापे असतात, फक्त ती कोणी वाचत नाही. काडीच्या आतल्या बाजूला 52, मग छोटा चौकोन, मग 18 आणि 140 असे काही छापलेले सापडेल. 52 मिलिमीटर काचेची रुंदी, 18 नाकावरचा पूल, 140 काडीची लांबी. या ठरावीक आकड्यांच्या जगात चेहरा बसवायचा असतो. अनेक फ्रेमींचे साचे युरोपातल्या उंच, अरुंद नाकावरून आखलेले. रुंद आणि बसक्या पुलाच्या नाकावर त्या घसरतात आणि गालांवर टेकतात. शिवाय एक कान दुसऱ्यापेक्षा थोडा वर असणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे.

हाताने फ्रेम करणारा कारागीर म्हणून कागदापासून सुरुवात करतो. कपाळाची रुंदी, नाकाचा उतार, दोन्ही कानांपर्यंतची लांबी वेगवेगळी, गालाचा उंचवटा, भुवईची रेषा. त्यावरून रेखाचित्र, आणि रेखाचित्र चिकटवतो ॲसिटेटच्या तक्त्यावर. शेल फ्रेम म्हणून जी आपल्याकडे ओळखली जाते, तिचे हे मुख्य साहित्य. ते पेट्रोलियमपासून नव्हे, तर लाकूड किंवा कापसातल्या सेल्युलोजपासून बनते. जिनिंगमध्ये रुई निघून गेल्यावर सरकीला जे आखूड तंतू चिकटून राहतात, ते या कामी येतात. मराठवाड्याच्या ज्या पिकाच्या भावावर दर हंगामात चर्चा होते, त्याचा उरलेला तंतू जगात कुणाच्या तरी नाकावर चष्मा होऊन बसलेला असतो.

पुढचे काम सोनाराच्या करवतीने. सहा-आठ मिलिमीटरच्या तक्त्यातून फ्रेमचा दर्शनी भाग कापायचा, आतल्या दोन खिडक्या कोरायच्या, मग कानशीने कडा उतरवायच्या. खिडकीच्या आतून काच अडकायला खोबण काढायची. ती खोल झाली तर काच खुळखुळते, उथळ झाली तर निसटते. नाकाच्या बाजूचा उतार हाच सगळ्यात अवघड भाग. तिथे एखादा मिलिमीटर जास्त घासला गेला की फ्रेम खाली बसते आणि बाहुली काचेच्या मध्यावर न राहता वर जाते. काड्या वेगळ्या कापतात, त्यांच्या पोटात तार घालतात, बिजागरी बसवतात. मग सगळे तुकडे लाकडाच्या चिपा आणि प्युमिसच्या भुकटीबरोबर फिरत्या पिंपात टाकतात. हे पिंप दिवसेंदिवस फिरत असते. कानशीचे ओरखडे तिथे जातात, पण खरी चकाकी येते ती कापडी चाकावर, हाताने. शेवटी काडी गरम करून माणसाच्या कानामागे जिथे वाकायला हवी तिथेच वाकवायची. ॲसिटेट उष्णतेने मऊ होते आणि थंड झाल्यावर आकार धरून ठेवते. हीच त्याची खुबी.

ॲसिटेटच्या आधी कासवाचे कवच वापरत. उष्णता आणि दाबाने कवचाचे तुकडे गोंदाशिवाय एकजीव होतात, म्हणून ते राजेशाही साहित्य मानले जाई. त्यासाठी चंचुमुख समुद्री कासवांची इतकी हत्या झाली की 1970 च्या दशकात त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार थांबवावा लागला. भारतातही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला कडक संरक्षण आहे. हा व्यापार थांबला हे उत्तमच झाले. आज उंची हस्तकलेत त्याची जागा म्हशीच्या शिंगाने घेतली आहे. पातळ थर एकमेकांवर चिकटवून केलेली शिंगाची फ्रेम वजनाला हलकी, अंगाला सौम्य असते आणि दोन शिंगांचे रंग कधी सारखे नसतात.

छत्रपती संभाजीनगर चष्म्याच्या फ्रेमींसाठी ओळखले जात नाही. पण जपानमधले साबाए शहरही 1905 पूर्वी ओळखले जात नव्हते. फुकुई प्रांतातला हा बर्फाळ भाग. हिवाळ्यात शेती बंद, हाताला काम नाही. मासुनागा गोझाएमोन यांनी ओसाकाहून कारागीर बोलावून गावातल्या माणसांना चष्मे करायला शिकवले. आज जपानमध्ये बनणाऱ्या फ्रेमींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक त्या परिसरातून येतात. शिकवणारा माणूस आणि शिकायला तयार हात एवढ्यावर तिथे एक उद्योग उभा राहिला.

आणि असे हात छत्रपती संभाजीनगरात आहेत. हिमरू विणणारे, बिदरीच्या काळ्या धातूवर चांदीची तार बसवणारे, वाळूज आणि चिकलठाण्यात मोटारींच्या सुट्या भागांसाठी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शापर्यंत मापे सांभाळणारे. चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतल्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये मुले साचे आणि हत्यारे बनवायला शिकतात. चष्म्याची बिजागरी म्हणजे असेच एक चिमुकले अचूक यंत्रकाम. बिदरीची नजर आणि टूल रूमचे माप एका टेबलावर आले तर इथे चांगली फ्रेम का होऊ नये? सरकार आणि उद्योजकांनी हा प्रश्न गंभीरपणे घ्यावा असे वाटते.

तोपर्यंत ही विद्या जिवंत आहे ती बाजारपेठेतल्या चष्म्याच्या दुकानांत, मागच्या खोलीत बसलेल्या फिटरकडे. पूर्वी काच चिमट्याने कुरतडून, पाण्याच्या चाकावर हाताने फिरवत फ्रेमच्या आकाराची करत. आता बहुतेक ठिकाणी ऑटोमॅटिक एजर आहे. तो फ्रेमचा आकार वाचतो आणि काही मिनिटांत काच कापून देतो. काचही बहुधा काच राहिलेली नाही. 1940 च्या दशकात अमेरिकेत तयार झालेल्या सीआर-39 या प्लास्टिकने तिची जागा घेतली, कारण ते वजनाने जवळपास निम्मे. तरीही पेनने केंद्राचा ठिपका कुठे द्यायचा, सिलेंडरचा, म्हणजे दृष्टिवैषम्याच्या नंबरचा, अक्ष किती अंशांवर ठेवायचा, काडी किती तापवायची, हे फिटरच ठरवतो. तापवायला कुठे गरम हवेचा झोत, कुठे तव्यातले गरम मीठ किंवा वाळू. बिलावर या कामाची वेगळी ओळ नसते, गिऱ्हाईक त्याला ओळखत नाही, आणि चष्मा चांगला बसला की श्रेय कंपनीच्या नावाला जाते. हा अन्याय आहे.

बेतून केलेला चष्मा श्रीमंतांचीच चैन असायला हवी असेही नाही. जर्मनीतल्या एर्लांगेन शहरातले गणित-भौतिकशास्त्राचे शिक्षक मार्टिन आउफमुथ यांनी तारेला बाक देणारी एक लहानशी पेटी तयार केली. वीज लागत नाही. स्प्रिंगच्या पोलादी तारेपासून हाताने फ्रेम वळवायची, तयार भिंगे खटकन आत बसवायची, दोन रंगीत मणी ओवायचे आणि काड्या त्या माणसाच्या कानाप्रमाणे वाकवायच्या. साहित्याचा खर्च सुमारे एक डॉलर. 2012 मध्ये सुरू झालेले हे काम आता भारतातही चालते. साध्या चष्म्याने काय फरक पडतो, ते आसामच्या चहामळ्यांत मोजून झाले आहे. चाळिशी ओलांडलेल्या 751 कामगारांवर केलेल्या आणि 2018 मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये छापलेल्या अभ्यासात, जवळचा चष्मा मिळालेल्यांची पानतोडणी चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत जवळपास बावीस टक्क्यांनी जास्त वाढली. ज्याचे दोन्ही डोळे सारखे आहेत, सिलेंडर नाही, त्याला असा तयार चष्माही पुरतो. बाकीच्यांना मापच लागते.

हे माप नीट घेतले गेले का, हे गिऱ्हाईकाला दुकानातच पाहता येते. चष्मा हातात आल्यावर काड्या उघडून तो सपाट काउंटरवर उलटा ठेवावा. फ्रेमची वरची कड दोन्ही बाजूंनी आणि दोन्ही काड्या एकाच वेळी टेकल्या पाहिजेत. एखादी काडी अधांतरी राहिली तर फ्रेम पिळलेली आहे. मग चष्मा घालून मान खाली करावी, एकदा हसावे, आणि तो घसरतो का, गालाला टेकतो का ते बघावे. काही खटकले तर तिथेच सांगावे. फिटरला तो तापवून सरळ करायला दोन-तीन मिनिटे लागतात.